खपवून घेणारा शेजार

जुनं सोनं चोख करायचं तर आधी त्यात चांदी मिसळावी लागते, हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी घालून दोन्ही मुशीत आटवायचं, तो रस पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते दाणे तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहतं. ती भुकटी धुऊन, सवागी टाकून पुन्हा आटवली की पिवळीधमक लगड हाती येते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती साका धरून खाली बसते. सगळं परत मिळतं. मिळत नाही तो धूर. तेजाब उकळताना निघणारा तांबूस वायू घशाला झोंबतो आणि हवेपेक्षा जड असतो. धुराडं बुटकं असलं तर तो शेजारच्या खिडकीत शिरतो. दम्याच्या माणसाला तर तो फारच बाधतो.

हे गलाईचं काम भारतभर मराठी माणसं करतात, हे पुण्यामुंबईच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे साताऱ्यातले माण-खटाव, हे सगळे पावसानं पाठ फिरवलेले तालुके. टेंभू योजनेचं पाणी शिवारात यायच्या कितीतरी आधी इथली पोरं मूस आणि भट्टी घेऊन दूरदूरच्या सराफ बाजारांत पोचली होती. विट्याच्या आसपास गलाईत कुणीच गेलेलं नाही असं गाव शोधावं लागेल.

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातलं एक जोडपं असंच खानापूर तालुक्यातलं. तिथल्या अशोका रोडवरच्या सराफी पेढ्यांचं काम त्यांच्याकडे येतं. पुढे दोन खोल्या, मागे परसात पत्र्याखाली भट्टी. गावाकडे त्यांचा बंगला आहे आणि तो वर्षातला बहुतेक काळ कुलूपबंद असतो. रेणावीच्या रेवणसिद्धाच्या जत्रेची वर्गणी, चुलत्याच्या दवाखान्याचा खर्च, भावकीतली लग्नं, यांतलं काहीही चुकत नाही. नवरा पेढीवर कन्नड बोलतो, मोहल्ल्यात दखनी बोलतो, घरी आपली माणदेशाकडची बोली. मुलगी कन्नड माध्यमात शिकते आणि आजीचं मराठी पत्र तिला आई वाचून दाखवते. त्यांचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. भाडं वेळच्या वेळी, भांडण-तंटा कुणाशी नाही.

घरमालकीण पलीकडच्या अर्ध्या भागात राहतात. सगळा मोहल्ला त्यांना अम्मा म्हणतो. अम्मांची बाज वर्षानुवर्षं मागच्या पडवीत असायची, कारण तिथे दुपारचा वारा चांगला येतो. एके दिवशी ती बाज पुढच्या सोप्यात आली. पुढे रस्ता, रिक्षांचे भोंगे, धूळ. पडवीकडची खिडकीही बंद राहू लागली. कुणी काही बोललं नाही. ईदला शीरखुर्मा नेहमीसारखा आला.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते बायकोच्या. ती नवऱ्याला म्हणाली, “अवो, अम्मांनी बाज पुढं का नेली, इचारलं का कधी?”

“त्या काय बोलल्या का?”

“बोलतील कशाला? आपुन परगावची माणसं. चार दिसांची म्हणून सोसत्यात.”

हे तिनं स्वतः मला सांगितलं, आणि “चार दिसांची” म्हणताना तिचा आवाज चढला होता. लेक याच घरात जन्मली, याच गल्लीत चालायला शिकली. आणि तरी आपण शेजाऱ्यांच्या लेखी चार दिवसांचे पाहुणे. त्याला आपणही तितकेच कारण आहोत, कारण आपणही हे घर कधी आपलं धरलं नाही, असं ती म्हणाली. बंगला तिकडे बांधला. इथे नुसती भट्टी मांडली.

या जोडप्याची आठवण मला भाचीच्या बोलण्यानं झाली. ती जर्मनीत कोलोनला नोकरी करते. मागे म्हैसूरला आली तेव्हा सेंट फिलोमिना चर्चसमोर बराच वेळ उभी राहिली. या चर्चची पायाभरणी 1933 साली महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांच्या हस्ते झाली आणि त्याचे दोन उंच मनोरे कोलोनच्या कॅथेड्रलच्या धर्तीवर आहेत. रोज ज्या मनोऱ्यांखालून ती कामाला जाते, त्यांची भावंडं तिला इथे भेटली. तिथेच तिनं आपल्या इमारतीतल्या अमेरिकन जोडप्याची गोष्ट सांगितली.

नवरा-बायको दोघंही कामानिमित्त कोलोनला आलेली. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद केली, विमा घेतला, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायला शिकली. अमेरिकेच्या नागरिकाला परदेशात राहूनही आपल्या देशाला उत्पन्नाचं विवरण द्यावं लागतं, तेही ती देत होती. म्हणजे गावच्या जत्रेची वर्गणी यांनाही सुटलेली नव्हती. एका रविवारी नवरा रिकाम्या बाटल्या घेऊन कोपऱ्यावरच्या काचेच्या पेटीकडे गेला. पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगवेगळी टाकायची असते, ते त्याला ठाऊक होतं. दोन-चार बाटल्या खळखळत आत गेल्या तोच दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. रविवारी इथे असा आवाज करायचा नसतो, उद्या सकाळी टाका, एवढंच सांगून त्या गेल्या. जर्मनीत रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचंच संरक्षण आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेनंही कायम ठेवलं आहे. त्या दिवशी दुकानंसुद्धा बंद असतात. हे सगळं त्या जोडप्याला पुढे कळलं. पण त्या दिवशी बायको रडली. आपल्याला इथे कुणी नको आहे, असं तिला वाटलं.

भाची म्हणाली, मला मात्र त्या आजींचा हेवा वाटला, कारण मला अजून कुणी असं येऊन सांगितलेलं नाही.

तिचं हे बोलणं मला फार खरं वाटतं. त्या आजींनी अमेरिकन माणसाला इमारतीतला माणूस मानलं. उद्या, परवा, पुढच्या वर्षीही हा इथेच राहणार, तेव्हा इथली रीत याला माहीत असली पाहिजे, एवढा हिशेब त्यात होता. मंडी मोहल्ल्यातल्या अम्मा मनानं कितीतरी मऊ. त्यांनी आपली बाज उचलली, वारा सोडला, खोकला सोसला आणि भाडेकरूला शब्दानं दुखावलं नाही. या मऊपणाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण त्यानं एका बाजूला दुखणं साठत गेलं आणि दुसऱ्या बाजूला आपलं बरं चाललंय असा समज पक्का होत गेला. तक्रार आली नाही म्हणजे त्रास नाही, असं परमुलखात राहणाऱ्यानं कधीही धरू नये. जिथे नियम लिहिलेले असतात तिथे ते पाळले की झालं. जिथे शेजारी भिडेखातर गप्प बसतो, तिथे बघण्याची जबाबदारी पाहुण्याची होते: कुठली खिडकी बंद झाली, कुणी वाट बदलली, कुणी खाट हलवली.

आणि यजमानाचं काय? आपल्या गावाशहरांतही बिहारचे सुतार, राजस्थानचे दुकानदार, नेपाळचे राखणदार राहतात. आपण त्यांना वर्षानुवर्षं खपवून घेतो, आणि एके दिवशी सगळं एकदम बाहेर पडतं, तेही बहुतेक वेळा झुंडीनं. मधला रस्ता आपल्याला फारसा येत नाही. दारावर जाऊन, नावानं हाक मारून, “दादा, रात्री दहानंतर हे यंत्र बंद ठेवा, आमची परीक्षेची मुलं आहेत,” असं सांगायला लाज कसली? असं सांगण्यात त्या माणसाचा मान आहे. न सांगता मनात ठेवून एखाद्याला बाहेरचा ठरवण्यात मात्र अपमान आहे, तोही त्याला कळू न देता केलेला.

गलाईवाल्यानं बायकोचं ऐकलं. म्हैसूरच्या मेटगळ्ळी औद्योगिक भागात त्यानं एक लहान शेड भाड्यानं घेतली आणि तेजाबाचं सगळं काम तिकडे नेलं. धूर कॉस्टिकच्या पाण्यातून काढून मग उंच धुराड्यात सोडायची सोयही केली. घरामागे आता फक्त आटणी आणि कस पाहणं. हे सोपं नाही. दुसरं भाडं डोक्यावर बसलं, आणि लोकांचं सोनं अंगावर बाळगून रोज शहर ओलांडायची धास्ती तर पैशांत मोजताच येत नाही. सराफांनी मजुरी वाढवून दिलेली नाही.

अम्मांना कारण सांगायला दोघं मिळून गेली. त्यांनी आधी काही त्रास नव्हताच असं सांगितलं, मग म्हणाल्या, होता. त्यानंतर त्यांची जीभ मोकळी झाली. बोळात स्कूटर आडवी लावली की आता त्या दारातून ओरडतात. मुलीचे केस नीट विंचरलेले नसले की आईला बोल लावतात. बायकोला हे आवडतं, असं ती सांगते, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

ओळखीत तेजाबाच्या आणखी काही भट्ट्या आहेत, त्याही आपल्याच भागातल्या माणसांच्या. सगळ्यांनी मिळून एक मोठी शेड घ्यावी, भाडं वाटून घ्यावं आणि एक राखणदार ठेवावा, असं या जोडप्याच्या मनात आहे. त्या भट्टीवाल्यांपैकी दोघे तयार झाले आहेत. बाकीचे म्हणतात, आमच्याकडे कुणाची तक्रार नाही. नवरा कामाच्या गर्दीतून वेळ काढून त्यांच्याकडे जातो, आणि बायकोलाही बरोबर नेतो, कारण त्या घरांतल्या बायकांशी बोलायचं काम तिचं आहे.