त्याने मुलाचा हात धरला



रूपांतराच्या डोंगरावरून प्रभू येशू खाली उतरला, तेव्हा त्याच्यापुढे एक व्याकूळ बाप उभा राहिला. संत मार्कने नवव्या अध्यायात हा प्रसंग सांगितला आहे. त्याचा मुलगा एकाएकी जमिनीवर कोसळे, तोंडाला फेस येई, दातखीळ बसे, अंग ताठ होई. कधी तो विस्तवात पडे, तर कधी पाण्यात.

ही लक्षणे ऐकून आजचे डॉक्टर फेफऱ्याचाच विचार करतील. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तेथे अशुद्ध आत्म्याचा उल्लेख आहे. म्हणून आज आपण कोणत्याही मुलाला 'बाधा झाली' असे म्हणू नये. फेफरे हा मेंदूचा आजार आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या नावाने लिहिलेल्या ग्रंथातही तेच सांगितले होते.

मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. त्यांत अचानक गोंधळ उडाला की झटका येतो. प्रत्येक झटक्यात मूल पडतेच असे नाही. काही मुले पाच-दहा सेकंद एकटक शून्यात पाहतात आणि पुन्हा भानावर येतात. वर्गातले तेवढे शब्द त्यांच्या कानी पडतच नाहीत. मग आपण म्हणतो, "लक्ष कुठे आहे तुझे?"

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने जवळजवळ मोठ्या माणसाएवढा होतो, पण आतली जोडणी विशीनंतरही चालूच असते. कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग आहे. नवी आठवण तेथे रुजते. झटके त्या भागातून येत असतील, तर काल पाठ केलेली प्रार्थना आज आठवत नाही. काहींचे लक्ष टिकत नाही. कधी मूळ आजार, कधी वारंवार येणारे झटके, तर कधी औषधाची गुंगी याला कारण असते. तो आळस नव्हे, हट्टही नव्हे. आणि फेफरे असलेल्या पुष्कळ मुलांची बुद्धी इतरांसारखीच असते.

आईबापांनो, आजार लपवू नका. "मुलीचे लग्न कसे होईल?" या भीतीने उपचार लांबतात, आणि वाढत्या मेंदूचे मोलाचे दिवस वाया जातात. वेळीच योग्य उपचार मिळाले तर १०० पैकी सुमारे ७० रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विशेष विवाह कायद्यात फेफऱ्याची आडकाठी होती, तीही १९९९ साली काढून टाकण्यात आली. कायद्याने जे सोडले, ते आपण मनात का धरून ठेवावे?

नोव्हेना करा, जपमाळ म्हणा, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग मागा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. औषध एकाएकी थांबवले तर जीवघेणे झटके येऊ शकतात. वैद्य आणि औषध ही देवाचीच देणगी आहे, असे बेनसिराचा ग्रंथ शिकवतो.

मिस्साच्या वेळी एखाद्याला झटका आला, तर घाबरून गर्दी करू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, शक्य होताच त्याला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तातडीने इस्पितळात न्या.

त्या दिवशीही गर्दी होती. शास्त्री वाद घालत होते, शिष्य हतबल झाले होते. येशूने मात्र बापाला विचारले की, हे केव्हापासून होते आहे. आपले दुखणे कोणीतरी नीट ऐकून घेतले, हीच त्या बापाला मिळालेली पहिली फुंकर. पुढे मूल निपचित पडले. लोक म्हणाले की ते मेले. येशूने त्याचा हात धरून त्याला उभे केले.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात असे एखादे मूल असेल. ते चार वेळा विसरले, तर पाचव्यांदा शिकवा. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्याला मागे ठेवू नका. कोणी त्याला वेडा म्हणाले, तर तेथेच थांबवा. त्याच्या आईजवळ बसून विचारा, "बाई, केव्हापासून आहे हे?"

हे प्रभो, आम्हांला बघ्यांच्या गर्दीतून बाहेर काढ आणि तुझ्यासारखा हात पुढे करायला शिकव. आमेन.