सहकुटुंब साधना

संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ साली मान्रेसा येथे एकांतात साधना केली. आज आपण सहकुटुंब सामूहिक रिट्रीटला जातो. तेथे कुटुंबीयांविषयीची जबाबदारी समूहावर सोपवता येते काय?

संत लूक सांगतो: ओलांडण सणाहून परतताना बारा वर्षांचा येशू तांड्यातच असेल, असे समजून मरिया व योसेफ दिवसभराची वाट चालून गेले. पुत्र दुरावला तो तीर्थयात्रेत, आप्तांच्या सोबतीत. सापडला माघारी फिरून शोधल्यावर.

मंडपात शेजारी बसलेला मुलगा मनानेही आपल्यासोबत आहे, हे आपण असेच गृहीत धरतो. त्याच्या मनातील शंका प्रवचनकाराला कशी कळावी? ती मायबापांनीच विचारावयास हवी. समूह प्रार्थनेला बळ देतो. परंतु एकमेकांना शोधण्याचे कर्तव्य ज्याचे त्यालाच पार पाडावे लागते.