पणजोबांची कबर कोठे आहे?



आपल्या पणजोबांना कोठे पुरले हे विचारीत काही कुटुंबे चर्चच्या कार्यालयात येतात. आम्ही मृत्यूनोंदीची जुनी वही काढतो. पाने कसरीने खाल्लेली, भाषा पोर्तुगीज किंवा लॅटिन. नोंद दोन-तीन ओळींची: नाव, वडिलांचे नाव, मरणापूर्वी साक्रामेंते मिळाली की नाही, दफनाचा दिवस. एका गावात एकाच नावाचे चौघे निघतात, म्हणून वडिलांचे नाव, घराण्याचे नाव व अंदाजे साल सोबत आणलेले बरे. अशी वही प्रत्येक धर्मग्रामाने ठेवावी, असे १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने सांगितले. जुन्या वह्या जपणे हे तर १९८३च्या ख्रिस्तसभेच्या कायद्याने (कलम ५३५) आम्हा धर्मगुरूंना बंधनकारकच आहे.

परंतु वहीत दिवस मिळतो, जागा क्वचितच. दफनभूमी अपुरी, त्यामुळे काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडली जाते. हे ऐकून माणसे हिरमुसतात. मेलेल्या माणसाचे आपण नेमके काय देणे लागतो?

हा प्रश्न जुना आहे. एका आईने आपल्या मुलाला संत फेलिक्स यांच्या कबरीजवळ पुरले. त्याचा मुलाला काही लाभ होतो का, असे नोलाचे बिशप पॉलिनुस यांनी संत ऑगस्टीनला विचारले. सन ४२१च्या सुमारास ऑगस्टीनने उत्तर लिहिले: थडगे हे मागे राहिलेल्यांचे सांत्वन, मृताला उपयोग होतो तो प्रार्थनेचा. हे त्याने घरात पाहिले होते. त्याची आई मोनिका हिने आफ्रिकेत पतीशेजारी आपली जागा तयार ठेवली होती. ३८७ साली ओस्तिया येथे मरताना मात्र तिने मुलांना सांगितले, की देह कोठेही पुरा, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

मग कबर शोधण्याची धडपड व्यर्थ म्हणावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. २०१६ साली रोमने दहनानंतरची रक्षा उधळू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागीच ठेवावी असे बजावले. मृताचा विसर पडू नये, हे त्याचे एक कारण. ज्या देहावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले, तो टाकाऊ कसा? जागा हवीच. पण ती आठवणीसाठी हवी. संगमरवर बसवून वर्षभर तिकडे न फिरकणाऱ्यांपेक्षा, कबर न सापडताही मिस्सा सांगणारी नात अधिक ऋण फेडते. (संगमरवरवाल्यांनी रागावू नये.) मोनिकाच्या कबरीवरील शिलालेखाचा तुकडा ओस्तियात मुलांना खड्डा खणताना सापडला, तो १९४५ साली. वेदीवर तिची आठवण त्याआधी कितीतरी शतके होतच होती.

नोव्हेंबरात मृतांची नावे लिहून देताना बहुतेक चिठ्ठ्या आजी-आजोबांपाशी थांबतात. वहीत सापडलेले पणजोबांचे नावही त्यात घालावे. ज्यांना नोंद शोधायची आहे त्यांनी कृपया आठवडाभर आधी कळवावे. पाने जीर्ण आहेत, घाईत उलटता येत नाहीत.