संघ गेला, नाव राहिले

‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे नेमके काय? आस? चाके? जू? यांतले एकही रथ नव्हे आणि यांच्यावाचून रथही नाही. ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराने हाच प्रश्न उलट बाजूने सोडवला. आस, चाके, जू सारे गेले, तरी नाव मात्र त्याने जाऊ दिले नाही.

ब्राउन्स हा तिथला व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ १९४६ साली मैदानात उतरला. नाव पहिल्या प्रशिक्षकाचे, पॉल ब्राउन यांचे. त्याच वर्षी त्यांनी मॅरियन मॉटली आणि बिल विलिस हे कृष्णवर्णीय खेळाडू संघात घेतले. वर्णभेदाची भिंत मोडून जॅकी रॉबिन्सन मेजर लीग बेसबॉलमध्ये यायला अजून वर्ष होते. या संघाच्या कोणत्याही अजिंक्यपदापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. पुढे आर्ट मोडेल मालक झाले आणि जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी पॉल ब्राउन यांनाच काढून टाकले. ज्याचे नाव संघाला, तोच बाहेर! पण नाव त्यांच्याबरोबर गेले नाही. ते तोवर गावाचे झाले होते.

नोव्हेंबर १९९५ मध्ये मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवत असल्याचे जाहीर केले. १७ डिसेंबरला एरी सरोवराकाठच्या जुन्या स्टेडियमवर घरचा शेवटचा सामना झाला, तोही सिनसिनाटी बेंगॉल्सशी, म्हणजे पॉल ब्राउन यांनीच पुढे उभारलेल्या संघाशी. ब्राउन्स जिंकले. लोकांनी खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. पण हे शहर नुसते चिडले नाही, कोर्टातही गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली: खेळाडू बाल्टिमोरला जातील, नाव, रंग आणि सारे विक्रम क्लीव्हलंडमध्येच राहतील. तीन हंगाम तिथे संघ नव्हता, इतिहास मात्र होता. संघाचा जुना खेळाडू जिम ब्राउन १२,३१२ यार्ड धावला होता, ते यार्ड कुणी ट्रकमध्ये भरून नेऊ शकले नाही.

१९९९ साली नवे ब्राउन्स आले आणि पहिलाच सामना पिट्सबर्गकडून ४३–० असा हरले. २०१७ मध्ये तर सोळाच्या सोळा सामने गमावले. बाल्टिमोरच्या संघाने, एडगर अ‍ॅलन पोच्या कवितेवरून ‘रेव्हन्स’ हे नाव घेऊन, पाचव्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, जिंकला. पण यशाने मालकी ठरत नाही. मालकाच्या हाती करारमदार असतात. संघ कोण, हे त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपणारे ठरवतात.

म्हणूनच बाल्टिमोरबद्दल वाईट वाटते. मार्च १९८४ च्या एका रात्री त्याचा कोल्ट्स संघ ट्रकांत भरून इंडियानापोलिसला नेला गेला, नावासकट आणि इतिहासासकट. जॉनी युनिटस बाल्टिमोरसाठी खेळला. त्याचे तिथले विक्रम आजही इंडियानापोलिसच्या संघाच्या खात्यावर मांडलेले आहेत. क्लीव्हलंडला मिळाला तो न्याय बाल्टिमोरलाही मिळायला हवा होता.