दारावरची थाप

दरवर्षी पहिला बर्फ पडला की भारतातल्या नातेवाइकांकडून फोटोंची मागणी येते. मीही अंगणातला पांढराशुभ्र देखावा कौतुकाने पाठवतो. पण बर्फाची एक आठवण अशी आहे, जिचा फोटो नाही आणि जी मी आजवर मंडळात कुणाला सांगितलेली नाही.

२००३ साली मी बफेलोच्या विद्यापीठात एम.एस. करायला आलो. पुढे आयटीतली नोकरी, लग्न, ॲमहर्स्टमध्ये घर, दोन मुली, असा आपल्यापैकी अनेकांचा होतो तसाच प्रवास झाला. आमच्या शेजारच्या बाई जन्मापासून इथल्याच. एकट्या राहतात. त्यांनी लहानपणी पाहिलेल्या हिमवादळाची गोष्ट आमच्या मुलींनी इतक्या वेळा ऐकली आहे की ती आता आमच्याच घरची झाली आहे.

२८ जानेवारी १९७७, शुक्रवार. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. त्या वर्षी ईरी सरोवर डिसेंबरातच गोठलं होतं आणि त्यावर भुसभुशीत बर्फाचा थर साचला होता. ताशी सत्तर मैलांच्या आसपास वेगाने वारा सुटला आणि त्याने तो बर्फ उचलून शहरावर आणून टाकला. त्या दिवसांत आकाशातून नवा बर्फ पडला तो जेमतेम फूटभर. पण वाऱ्याने रचलेले ढीग काही ठिकाणी २५ फुटांपर्यंत गेले. प्राणिसंग्रहालयातली तीन रेनडिअर कुंपणाला टेकलेल्या ढिगावर चढून चक्क बाहेर चालत गेली! (हा मुलींचा आवडता भाग.) एकूण २९ माणसं दगावली, त्यातली काही आपापल्या गाड्यांत, बर्फाखाली.

त्या रात्री बाईंच्या घराच्या दारावर थाप पडली. वडिलांनी कोण आहे हेही न विचारता दार उघडलं. दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक नर्स आत आले आणि तीन रात्री राहिले. बाईंना सगळ्यात जास्त आठवतो तो आपला पलंग नर्सला द्यावा लागल्याचा राग, आणि ड्रायव्हरने शिकवलेला पत्त्यांचा डाव.

२३ डिसेंबर २०२२. तोही शुक्रवारच. सकाळी साडेनऊला प्रवासबंदी लागू झाली, पण तोवर बरेच लोक कामाला बाहेर पडले होते. दुपारपर्यंत समोरचं घर दिसेनासं झालं. अँब्युलन्स आणि बर्फ काढणारी वाहनंसुद्धा रस्त्यांत अडकली. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली.

मी खिडकीचा पडदा किंचित बाजूला केला. हूड ओढलेला एक उंच माणूस. चेहरा दिसत नव्हता. बायको हळूच म्हणाली, "थांब, लगेच उघडू नकोस." मीही थांबलो. घरात दोन मुली. काही झालं तर पोलीस येऊ शकणार नाहीत. पुन्हा थाप पडली. मी विचार करत राहिलो. मिनिट, फार तर दोन. मग दार उघडलं, तर पायरीवर कुणी नव्हतं. पावलांचे खड्डे भरत चालले होते. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काळजी करू नकोस, तो माझ्याकडे आहे."

मागे वळलो तर नऊ वर्षांची धाकटी जिन्यात उभी होती. "बाबा, आपण दार का नाही उघडलं?"

वादळानंतर कळलं की त्याच रात्री शेजारच्या चीकटोवागात एका मेकॅनिकने घरोघरी दारं ठोठावली होती. जमिनीवर झोपू द्या म्हणून पाचशे डॉलर देऊ केले, तरी कुणी आत घेतलं नाही. त्याने रात्र ट्रकमध्ये काढली. सकाळी एका शाळेची खिडकी फोडून तो आत शिरला, अडकलेल्या वीसेक लोकांना तिथे नेलं आणि जाताना माफीची चिठ्ठी ठेवली. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, मीही केलं. पण मला ती न उघडलेली दारं आठवत राहिली. आमच्या कौंटीत त्या वादळात ४० हून अधिक माणसं गेली.

दार न उघडणारे दुष्ट होते का? मला तसं वाटत नाही. घरच्यांना जपणं हेही कर्तव्यच आहे आणि भीती काही खोटी नव्हती. पण मी हिशेब एकाच बाजूचा मांडत होतो. उघडलं तर काय होईल, याच्या दहा शक्यता दोन मिनिटांत डोळ्यांसमोर आल्या. नाही उघडलं तर काय होईल, ही एकच शक्यता होती आणि ती जवळजवळ निश्चित होती. ती मनात आलीच नाही. आणखी एक प्रश्न मला छळतो. चेहरा दिसला असता, तर मी कशावरून ठरवलं असतं? कातडीच्या रंगावरून?

आपण मराठी माणसं शेजारधर्म हा शब्द अभिमानाने वापरतो. डोंबिवलीला आमच्या चाळीत दिवसभर दारं उघडी असायची, हे मी मुलींना नेहमी सांगतो. पण त्या दारातून येणारा प्रत्येक जण ओळखीचा असायचा. अनोळखी माणसासाठी तो धर्म लागू होतो का, ही परीक्षा मी कधी दिलीच नव्हती. बाईंनी अकराव्या वर्षी वडिलांना दार उघडताना पाहिलं होतं. घरात एकटी बाई म्हणजे घाबरायला माझ्यापेक्षा जास्त कारण. पण त्यांना विचार करावा लागला नाही. तो त्यांच्या वडिलांनी १९७७ मध्येच करून ठेवला होता.

वारा ओसरल्यावर मी फावड्याने वाट काढत खिचडीचा डबा घेऊन बाईंकडे गेलो. तो माणूस उठून उभा राहिला, दोनदा थँक यू म्हणाला. आधी आमचं दार ठोठावल्याचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही काढला. याची लाज आजही वाटते.

आता बेसमेंटमध्ये दोन जास्तीच्या गाद्या आणि ब्लँकेट्स आहेत. वादळात कुणी आलं तर दार उघडायचं, हे आम्ही चौघांनी बसून ठरवलंय. बायकोने अट घातली की उघडताना आधी बाईंना फोन करायचा, म्हणजे दोन्ही घरं जागी राहतील. अट मला पटली. धाकटीचं समाधान झालंय का, ते माहीत नाही. ती मोठी झाल्यावर या वादळाची गोष्ट आपल्या मुलांना सांगेल, तेव्हा त्यात पडद्याआड उभा असलेला बाबा असणारच.

मंडळी, तुमच्या घरीही एकदा जेवताना हा प्रश्न जरूर काढा. थाप पडल्यावर विचार करायला फार वेळ मिळत नाही.