मरळीचं पोट

महागणपतीचं रांजणगाव सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट त्याच शिरूर तालुक्यातल्या दुसऱ्या रांजणगावची, रांजणगाव सांडसची. इथं मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पलीकडच्या काठाला दौंड तालुका लागतो. मुळशीकडून आलेली मुळा आणि खडकवासल्याकडून आलेली मुठा पुण्यात एक होतात, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेतात आणि थेऊरच्या चिंतामणीवरून वाहत इथवर येतात. पुढं हेच पाणी उजनीत साठतं.

या संगमाजवळ एक भोई राहायचा. त्याची लेक दौंडच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामाला होती. सातवा महिना लागला आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. धाकटा मुलगा पुण्यात नदीकाठच्या एका भंगाराच्या गोदामात काम करायचा. बहीण आली म्हणून तोही पेढे आणि महिन्याचा पगार घेऊन घरी आला. घर भरलं. बाप पहाटेच उठला, गळाला बेडूक लावला आणि जलपर्णीच्या कडेला जाऊन बसला. उन्हं वर यायच्या आत त्यानं तीन किलोची मरळ काढली.

मरळ अंगात ताकद भरते, आजारातून उठलेल्याला आणि गर्भारणीला तिचा रस्सा द्यावा, असं आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मानतात. वाटेत भिगवणच्या आडतदाराचा माणूस भेटला. त्यानं चांगला भाव सांगितला, पण बापानं मान हलवली. “आज न्हाई. लेक आलीय.”

अंगणात विळी मांडली. मरळ बुळबुळीत, हातात ठरेना. आईनं तिला राख चोळली, मग खवले काढले आणि पोट चिरलं. आत दोन अख्ख्या चिलाप्या निघाल्या. तिसरी अर्धी विरघळलेली, तिचा नुसता काटा आणि शेपूट राहिलेलं. लेक जवळ येऊन बसली. तिनं त्यातली एक चिलापी उचलली आणि नखानं तिचं पोट फाडलं. आतडं दोऱ्याच्या गुंडीसारखं बाहेर आलं, हातभर लांब आणि हिरव्या-काळ्या गाळानं गच्च भरलेलं.

“आप्पा, ही मरळ किती वर्षांची असंल?”

“चार तरी असंल. लई जुनी दिसतीय.”

“चार वर्षांत तिनं अशा किती चिलाप्या खाल्ल्या असतील?”

बाप हसला. “ते कोण मोजतंय, पोरी?”

“तिचं अंग मोजतं,” लेक म्हणाली.

मग तिनं त्यांना समजावून सांगितलं. मासा जे खातो त्यातलं बहुतेक सगळं पोहण्यात, वाढण्यात खर्च होतं, पण पारा खर्च होत नाही. नदीत साधा पारा पडला की तो तळाच्या गाळात जातो. पाण्यातला प्राणवायू संपलेला असेल, तर तिथले जिवाणू त्याचा मिथाईल पारा करतात, आणि तो मात्र जिवाच्या मांसात घट्ट बसतो. शेवाळात जरासा असतो. ते शेवाळ खाणाऱ्या चिलापीत त्याहून जास्त होतो, आणि चिलाप्या खाणाऱ्या मरळीत आणखी जास्त. पाण्यात शोधूनही हाताला लागणार नाही इतका थोडा पारा मोठ्या शिकारी माशात लाखो पटीनं वाढलेला असू शकतो. मासा शिजवा, तळा, लिंबू पिळा, तो जात नाही.

आई गल्लीतल्या बायकांची भिशी चालवायची. तिला हे सगळ्यांच्या आधी कळलं. “म्हंजी सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आन् शेवटच्यानं सगळी भिशी उचलायची,” ती म्हणाली. मग तिची नजर लेकीच्या पोटाकडं गेली आणि हातातली विळी तिनं बाजूला ठेवली.

आईला जी भीती वाटली, तिच्यामागं खऱ्या माणसांचे खरे हाल आहेत. मिनामाता हे जपानमधलं समुद्रकाठचं गाव. तिथं चिस्सो कंपनीचा कारखाना वर्षानुवर्षं सांडपाण्यातून पारा खाडीत सोडत राहिला. कोळ्यांची मांजरं आधी वेड्यासारखी नाचू लागली, समुद्रात पडून मरू लागली. 1956 च्या मे महिन्यात माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. हात थरथरायचे, जीभ अडखळायची, नजर आकसत जायची. आणि काही घरांत आई वरवर धडधाकट दिसायची, पण तिचं मूल जन्मत:च मान न धरणारं, न बोलणारं निघायचं. वार विषाला अडवते, असं तेव्हा डॉक्टर मानत असत. त्या गावांत बाळाची वाळलेली नाळ डबीत घालून जपून ठेवायची रीत आहे. मासाझुमी हाराडा या डॉक्टरांनी घरोघरच्या अशा नाळी मिळवल्या. त्या तपासल्यावर आत मिथाईल पारा सापडला. वारेनं तो अडवलाच नव्हता. आईच्या अंगातला पारा तिच्या बाळानं घेतला होता. माझ्या मनातून ती डबी अजून जात नाही. कौतुकानं जपलेल्या वस्तूनं असली साक्ष द्यावी, याहून वाईट काय असेल?

अंगणात भाऊ इतका वेळ गप्प होता. आता त्यानं विचारलं, “आक्का, पारा आपल्या नदीत येतो कुठून?”

“लई ठिकाणांहून. दगडी कोळशाच्या धुरातून, कारखान्यांतून, फुटलेल्या थर्मामीटरांतून, ट्यूबलाइटच्या नळ्यांतून...”

भाऊ उठून उभा राहिला. गोदामात त्याचं कामच ते होतं. मोडीत आलेल्या नळ्या फोडायच्या, टोकांची ॲल्युमिनियमची टोपणं वेगळी काढायची, ती किलोवर विकली जायची. काचेचा पांढरा चुरा पावसाळ्यात ओढ्यानं नदीत जायचा. “एका नळीत पारा असून असून किती असंल? टाचणीच्या डोक्याएवढाबी न्हाई!”

“न्हाईच,” ती म्हणाली. “तू दिवसाला किती फोडतोस?”

त्यानं उत्तर दिलं नाही.

“आन् नदीत जायच्या आधी ती वाफ तुझ्याच छातीत जाती. मला तुझी काळजी आधी वाटती.”

बापाला मात्र राग आला, तो लेकीचाच. “मंग मासं खायचंच सोडायचं व्हय? आमी भोई हाय. आमचं प्वाट नदीवर हाय.”

“तसं कुठं म्हणतीय मी? रोहू शेवाळ, पाण्यातल्या वनस्पती खातो, त्यात असला साठा कमी होतो. बारकी, वर्षभराची मासळी आणा, मी आनंदानं खाईन. बाळालाही माशातली सत्त्वं लागतातच. फक्त दुसऱ्या माशांवर पोसलेला मोठा, जुना मासा नको.”

बापाला हे पटलं. त्यानं मरळ टोपल्यात घातली, वर ओलं गोणपाट टाकलं आणि सायकल काढली. आडतदाराचा माणूस अजून फाट्यावर असणार होता.

“आप्पा, कुठं निघालात?”

“इकून येतो. पैसा तरी हुईल.”

“ती कोण घेणार?”

“कुणीबी. हाटेलवाला, न्हाईतर एखाद्या घरची माणसं. घरात आजारी असलं, बाळंतीण असली की मरळच...” इथं त्याचं बोलणं तुटलं. सायकलच्या दांडीवरचा हात तसाच राहिला. लेकीला पुढं काही बोलावं लागलं नाही. बापानं कुदळ घेतली, परसात खोल खड्डा केला आणि मरळ पुरली. तीन किलोचे पैसे गेले. त्या घरात ते थोडे नव्हते, हे सांगायलाच हवं. ज्याचं पोट नदीवर आहे, त्यानंच शहराचा हिशेब चुकता करावा, यात न्याय नाही. तरीही त्यानं तो केला.

ट्यूबलाइटच्या जुन्या नळ्यांना भारतात 2016 च्या नियमांपासून ई-कचरा मानलं जातं. त्या परवानाधारकाकडं अख्ख्या द्यायच्या असतात, तिथं त्यांतला पारा वेगळा काढतात. मिनामाताच्याच नावानं 2013 मध्ये पाऱ्यावरचा जागतिक करार झाला, भारतानं तो 2018 मध्ये मान्य केला, आणि 2027 पर्यंत असल्या नळ्या बनवणं थांबवायचं जगानं ठरवलं आहे. पण बनवणं थांबलं, तरी घराघरांत, कचेऱ्यांत आज लटकणाऱ्या नळ्या कधी ना कधी भंगारात येणारच. त्या वेळी त्या कुणाच्या तरी हाती पडतील.

भाऊ पुण्याला परतला आणि त्यानं मालकाला सांगितलं, नळ्या फोडणार नाही. मालक म्हणाला, “मग घरी बस.” तो घरी आला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या जागी दुसरा पोरगा नळ्या फोडायला बसला. हे कळल्यावर भावाला दोन रात्री झोप लागली नाही. आपण हात धुतले, पण नदीत पडायचं ते पडतंच आहे.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा गोदामावर गेला, मालकाकडं नाही, त्या पोराकडं. पोरगा उजनीकाठच्या गावचा निघाला. त्याच्या घरीही जाळं होतं, चुलीवर मासळी होती. भावानं त्याला मरळीची सगळी गोष्ट सांगितली. मग दोघं मिळून मालकासमोर उभे राहिले.

“टोपणांचं नुकसान कोण भरणार?” मालकानं विचारलं.

“मला परत कामावर घ्या आन् आमच्या दोघांच्या पगारातून कापा,” भाऊ म्हणाला. “परवान्यावाल्याची गाडी मी बघून आलोय. नळ्या खोक्यात उभ्या भरायच्या, एकबी फोडायची न्हाई.”

मालक बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “महिनाभर करून बघा. खोकी मात्र तुमची तुम्ही आणायची.”

दोघं त्याच संध्याकाळी रिकामी खोकी मागायला दुकानं हिंडू लागले.