उशाखालचे रिव्हॉल्व्हर

निपाणीत तंबाखूचा हंगाम भरात आला की आमच्या वखारीत रोकड बरीच असायची. बँका होत्या, पण शेतकऱ्याला नोटा हातात मोजून हव्या असत. म्हणून थोरल्या काकांनी रीतसर परवाना काढून पॉइंट ३२ चे एक रिव्हॉल्व्हर घेतले. मी तेव्हा कॉलेजात होतो. काकांनी ते एकदाच दाखवले, तेही लांबून. पण तेवढ्यानेही कितीतरी दिवस गल्लीत माझी मान ताठ होती.

एका पावसाळी रात्री दिवे गेले होते. वखारीच्या मागच्या दाराशी पावले वाजली. काकांनी आधी मराठीत, मग कानडीत "कोण?" म्हणून विचारले. उत्तर नाही. कडी हलली. काकांनी नेम धरला. तेवढ्यात मागून काकूने कंदील वर केला, आणि दारात दिसला आमचाच म्हातारा हमाल. पावसाने गाठला म्हणून आडोशाला आलेला. कानाने ठार बहिरा.

काकूने त्याला चहा दिला. काकांनाही दिला, पण त्यांना कप उचलता येईना. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दोन भाषांत विचारलं रे मी. बहिऱ्याला कुठल्या भाषेत विचारायचं?"

त्यानंतर काळ्या गोळ्या... नव्हे, पितळी गोळ्या तिजोरीत गेल्या आणि रिव्हॉल्व्हर कपाटात. काकू म्हणाली, "मग आता चोर आला तर त्याला थांब म्हणायचं का, किल्ली शोधेपर्यंत?" हसण्यावारी नेण्यासारखे हे बोलणे नव्हते. भरलेले शस्त्र उशाशी ठेवावे तर ते घरच्यांनाच घातक. कुलपात ठेवावे तर वेळेला निरुपयोगी. मधली वाट मला आजवर कुणी दाखवलेली नाही.

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क मानतो. १८६० च्या दंडसंहितेत तो होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. अट एवढीच, की बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्क उरत नाही. कोर्टात यावर महिनोन् महिने खल होतो. अंधारात उभ्या असलेल्या माणसाला मात्र एक क्षण मिळतो.

आणि शस्त्र परवाना घेताना सांगितलेले कारण लक्षात ठेवत नाही. २२ एप्रिल २००६ रोजी मुंबईत वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या पिस्तुलातून. ३ मे रोजी महाजन गेले. भावाभावांची भांडणे कुठल्या घरात नसतात? हाती पिस्तूल नसते तर त्या सकाळी कदाचित आवाज चढले असते, दार आपटले असते. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. समोर वैरी कुणीच नव्हता.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, पानसरे, कलबुर्गी यांच्याजवळ शस्त्र असते तर? आपल्या दोन्ही बाजूंची ही दुःखे. कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ ला गोविंद पानसरे पत्नीसह सकाळी फिरून परतत होते; धारवाडला ३० ऑगस्टला कलबुर्गींच्या घरी सकाळी माणूस आला, आणि दारातच त्यांना गोळी घातली. मारेकऱ्याने वेळ आणि जागा आधीच ठरवलेली असते. फिरायला निघालेल्या म्हाताऱ्याच्या खिशात पिस्तूल असते, तरी त्याचा हात तिथवर पोचला असता का?

पण खानापूरच्या रानात एकट्याने राहणाऱ्या शेतकऱ्याला हे सगळे ऐकवायला माझी जीभ रेटत नाही. पोलीस ठाणे कोसांवर, रात्री रानडुकरे पिकात. कोडगूत तर कोडवांना परवान्यातूनच सूट आहे. बंदूक तिथे सणासमारंभातही असते. गांधीजींनीही १९२० साली लिहिले होते, की भेकडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचे झाले तर मी हिंसा सुचवेन. तेव्हा शस्त्र बाळगणारा प्रत्येक जण दुष्ट, असे मी म्हणणार नाही. काका दुष्ट नव्हते. घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती त्या रात्री एक जीव होता.

निवडणुकीच्या आचारसंहितेत रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करावे लागे. ते पावती घेऊन घरी आले की काकू म्हणायची, "आता दीड महिना मला झोप लागेल."

काका गेल्यावर ते शस्त्र ठाण्यात जमा केले. वारस म्हणून परवाना मागता येतो, असे कळल्यावर मी अर्ज आणला. माझे नाव, पत्ता, वय, सारे भरले. शस्त्र कशासाठी हवे, या रकान्यापाशी पेन थांबले. बायकोने विचारले, "काय लिहिताय?" मी म्हटले, "स्वसंरक्षण." ती म्हणाली, "कुणापासून?"

तो अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. रकाना कोरा आहे.